गांवचें कॉलेज



बारावीचा निकाल लागला म्हणजे शिरूर व दौंड येथील पुष्कळ घरांत एकच वाद निघतो. मुलानें वा मुलीनें पुण्यास जावें, कीं गांवच्या कॉलेजांत नांव घालावें? त्यांतून कलाशाखा घ्यावयाचें ठरलें, तर 'दुसरें कांहीं मिळालें नाहीं वाटतें!' हा शेराही ऐकावा लागतो. या दोन्ही गोष्टींविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

शिरूर घोडनदीच्या कांठीं, दौंड भीमेच्या कांठीं. दोन्ही गांवें पुण्यापासून सुमारें सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरांवर. शिरुरास चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय आहे, दौंडास कटारिया महाविद्यालय आहे. दोन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशीं संलग्न आहेत. तेव्हां पदवी देणारें विद्यापीठ तेंच. प्रश्न राहतो तो शिक्षणाचा.

गांव लहान म्हणून विद्याही लहानच, असें मानणाऱ्यांनीं दौंड तालुक्यांतील केडगांवाकडे पाहावें. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस काढलेलें शारदा सदन पुढें पुण्यास आलें व तेथून केडगांवीं गेलें. तेथें राहून रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषांच्या आधारानें बायबलाचें मराठी भाषांतर केलें आणि तें छापण्याचें कामही आश्रमांतील स्त्रियांनीं केलें. त्यांच्या धर्ममतांविषयीं ज्याचें मत त्याच्यापाशीं. पण भाषेचा इतका खोल व्यासंग एका खेड्यांत झाला, हें कोणासही नाकारतां येणार नाहीं. अर्थात् केडगांवीं येण्यापूर्वीं रमाबाई इंग्लंड-अमेरिका पाहून आल्या होत्या. गांवाबाहेर जाऊंच नये, असा याचा अर्थ नव्हे.

लहान वर्गाचा खरा लाभ असा कीं, तेथें विद्यार्थी गर्दींत हरवत नाहीं. पंधरा-वीस जणांत प्राध्यापक प्रत्येकाचा निबंध वाचूं शकतात, चूक समोर बसवून दाखवूं शकतात. शिवाय अर्थशास्त्र शिकणाऱ्यास रांजणगांव व कुरकुंभ येथील कारखाने आणि भोंवतालचा ऊंस-कांदा हेंच अर्धें पुस्तक होय. बाजारांतील भाव कां पडला, परप्रांतांतील कामगार येथें कां आला, हे प्रश्न त्याच्या दारांतच आहेत.

परंतु उणीवही सांगितली पाहिजे. लहान ठिकाणीं विषय थोडे असतात, आणि एखादे प्राध्यापक निवृत्त झाले म्हणजे तो विषयच अडतो. म्हणून नांव घालण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें स्वतः कॉलेजांत जाऊन चौकशी करावी. माझा मुख्य विषय शेवटच्या वर्षापर्यंत चालतो काय? त्यास कायमचे शिक्षक आहेत काय? ग्रंथालयांत कपाटापाशीं जाऊन पुस्तकें चाळतां येतात काय? २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर तीन वर्षांची पदवी व चार वर्षांची ऑनर्स पदवी असे दोन मार्ग झाले आहेत. त्यांपैकीं येथें कोणता मिळतो? उत्तरें समाधानकारक नसलीं, तर पुण्याचा रस्ता मोकळा आहे. परंतु हे प्रश्न पुण्यांतही विचारावे.

आईबापांस एक विनंती. मुलीस पुण्यास पाठविणें झेपत नाहीं म्हणून तिचें शिक्षण थांबवूं नका. आणि जवळच्या कॉलेजांत घातली म्हणून तें लग्न ठरेपर्यंतचें विसाव्याचें ठिकाण समजूं नका. तिला रोज दोन तास निवांत वाचावयास मिळतील, एवढी व्यवस्था घरांत करा. ती मिळाली नाहीं, तर चांगलें कॉलेजही तिला फारसें कांहीं देऊं शकणार नाहीं.