लाजेचा रोग आणि देहाचा रोग



यवतमाळहून धामणगांवच्या रेल्वे स्थानकाकडे निघालें कीं वाटेंत बाभुळगांव लागतें. कापूस, तूर आणि जवळची बेंबळा नदी ही या भागाची ओळख. सन २०११ च्या जनगणनेंत या जिल्ह्यांतील दर शंभर माणसांत अठराहून अधिक आदिवासी होतीं. गोंड, कोलाम, परधान, आंध असे हे समाज. यांतील ज्या पुरुषांच्या मनाची ओढ पुरुषाकडेच असते, त्यांच्या आरोग्याविषयीं आज बोलावयाचें आहे. विषय संकोचाचा आहे खरा. परंतु संकोचानें कोणाचा रोग बरा झाल्याचें ऐकिवांत नाहीं.

एच.आय.व्ही.चा विषाणु भारतांत प्रथम आढळला तो सन १९८६ मध्यें, मद्रास येथें. तो माणसाची जात किंवा स्वभाव पाहत नाहीं. त्याला वाट हवी असते. गुदमार्गाचें आंतील अस्तर नाजूक असतें, म्हणून निरोधावांचून घडलेल्या अशा संबंधांत ही वाट त्यास सहज मिळते. उपदंश, परमा व ‘ब’ प्रकारची कावीळ यांचेंही तसेंच. निरोध वापरावा, पण त्याबरोबर खोबरेल किंवा दुसरें कोणतेंही तेल लावूं नये. तेलानें निरोधाचें रबर कमजोर होऊन फाटतें. पाण्याचें वंगण मिळतें, तें घ्यावें.

आतां नशेविषयीं. मोहाची दारू देवापुढें ठेवण्याची रीत जुनी आहे. तिच्याशीं आपलें भांडण नाहीं. पण भीति बुडविण्यासाठीं जो पितो, तो भीतीबरोबर सावधपणाही बुडवितो. निरोध खिशांतच राहतो. शिक्षणासाठीं वा मजुरीसाठीं नागपूर, पुणें, मुंबई गांठणाऱ्या तरुणापुढें याहून दाहक वस्तु येतात. मेथॅम्फेटामिननें झोंप व भूक हरपते, तासन्‌तास भान राहत नाहीं, आणि रोजचीं औषधें चुकतात. हुंगण्याचा ‘पॉपर’ आणि शिश्नताठरतेची गोळी एकत्र घेतल्यास रक्तदाब एकाएकीं कोसळून प्राणावर बेततें. टोंचून घेण्याची सुई दुसऱ्यानें वापरलेली असेल, तर एच.आय.व्ही. आणि ‘क’ प्रकारची कावीळ हीं दोन्ही एकाच टोंचणीनें येऊं शकतात.

समजा, एखाद्या पोडावरच्या तरुणाला शंका आली. दवाखान्यांत चिठ्ठी लिहिणारा त्याच्या मामाच्या ओळखीचा, औषध देणारी बाई शेजारच्या गांवची. आदिवासी म्हणून त्यानें आधींच पुष्कळ हेटाळणी सोसलेली. आतां ही दुसरी गोष्ट कळली तर घरचें दारही बंद होईल, असें त्यास वाटतें. तो गप्प बसतो, घरच्यांच्या आग्रहानें लग्न करितो, आणि न कळत रोग घरीं आणतो. येथें लाजेचा रोग देहाच्या रोगास बळ देतो.

त्या तरुणास मला सांगावयाचें आहे: गड्या, तुझ्या बाजूनें आज पुष्कळ कांहीं उभें आहे. सरकारी सल्ला व चाचणी केंद्रांत तपासणी विनामूल्य होते. सन २०१७ चा एच.आय.व्ही. कायदा सांगतो कीं, तुझ्या संमतीवांचून चाचणी करूं नये, आणि तुझी गोष्ट कोणास सांगूं नये. गांवांत जाण्याचें धैर्य होत नसेल, तर यवतमाळला जा. १०९७ हा दूरध्वनि विनामूल्य आहे, तेथें जवळचें केंद्र विचार. धोका नुकताच घडला असेल, तर ७२ तासांच्या आंत दवाखाना गांठ. २८ दिवसांचें औषध विषाणूस रोखूं शकतें. जितक्या लवकर तें सुरू होईल तितकें बरें. पहिली चाचणी निर्दोष आली तरी तीन महिन्यांनीं पुन्हा कर. उपदंशास पेनिसिलिन आहे, ‘ब’ काविळीस लस आहे, ‘क’ कावीळ गोळ्यांनीं बरी होते. एच.आय.व्ही. निघाला तरी सन २००४ पासून सरकार औषध मोफत देतें. तें नित्य घेतल्यानें रक्तांतील विषाणु मोजण्याइतकाही उरला नाहीं, म्हणजे संबंधांतून तो दुसऱ्यास लागत नाहीं. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें आहे कीं, दोन प्रौढ पुरुषांचा संमतीचा संबंध हा गुन्हा नाहीं.

मुंबईंत सन १९९४ पासून ‘हमसफर ट्रस्ट’ अशा पुरुषांसाठीं काम करीत आहे. उत्तर अमेरिकेंतील आदिवासींनीं तर सन १९९० मध्यें विनिपेग येथें जमून ‘दोन आत्म्यांचा’ या अर्थाचें एक नांव आपल्या अशा माणसांसाठीं स्वीकारलें. शिवीच्या जागीं मानाचा शब्द दिला. गोंडी व कोलामी बोलणाऱ्या आरोग्यसेवकानें हलक्या आवाजांत, दार लोटून, दोन समजुतीचे शब्द त्या भाषेंत बोलले, तर आपल्याकडेही कितीतरी पाउलें दवाखान्याकडे वळतील.

आणि आईबापहो, मुलानें कधीं धीर करून तोंड उघडलें, तर त्या रात्रीं त्याला जेवावयास वाढा. प्रश्न दुसऱ्या दिवशीं विचारा. दवाखान्याच्या वाटेवर तुम्ही त्याच्याबरोबर चाललांत, तर त्याची अर्धी भीति तेथेंच सरेल.