मुळा : रसायन आणि औषध



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो महागाई भत्त्यावर बोलणार, अशी आपली समजूत असते. आज मी बोलणार आहे मुळ्यावर. मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. पण भाकरी, मिरची आणि मुळ्याची फोड एवढ्यावर पाळी काढणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली. त्यांच्या डब्यात काय असते, याची चौकशी करणे हेही संघटनेचेच काम आहे.

मुळा हा मोहरी, कोबी आणि नवलकोल यांचा भाऊबंद. अख्खा मुळा नाकाशी धरा, फारसा वास येत नाही. त्याचा चावा घेतला की नाकातोंडात झणका जातो. असे का होते? मुळ्यात ग्लुकोरॅफासॅटिन नावाचे गंधकयुक्त द्रव्य असते. त्याला स्वतःचा तिखटपणा नाही. निराळ्या पेशींत मायरोसिनेज नावाचे विकर असते. एका खोलीत कच्चा माल, दुसऱ्या खोलीत कारागीर आणि मध्ये भिंत, असा हा कारखाना आहे. आपण दात लावला, विळी चालवली किंवा किडीने कुरतडले की भिंत पडते, दोघे एकत्र येतात आणि तिखट आयसोथायोसायनेट तयार होते. हे झाडाचे स्वसंरक्षण आहे. मोहरीतील हाच प्रकार फ्रेंच रसायनज्ञ ब्यूसी याने १८४० साली उलगडला होता.

एवढे कळले की स्वयंपाकघरातल्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो. मुळा शिजवला की उष्णतेने विकर निकामी होते, म्हणून भाजी सौम्य लागते. सालीजवळ हा माल अधिक, म्हणून साल काढली की झणका कमी. किसून ठेवलेल्या मुळ्याचा तिखटपणा हळूहळू उतरतो आणि वास मात्र वाढतो, कारण ते तिखट द्रव्य पाण्यात टिकत नाही. ते मोडून उग्र वासाची गंधकद्रव्ये सुटतात. जपानात मुळ्याचे मुरवलेले लोणचे पिवळे पडते, त्याच्या मुळाशीही हीच मोडतोड आहे.

आता पोषण. १०० ग्रॅम मुळ्यात सुमारे ९५ ग्रॅम पाणीच असते. उष्मांक अगदी थोडे, तेव्हा मुळ्याने अंगमेहनतीची ताकद येईल असे कोणी समजू नये. ती भाकरीनेच येणार. पण क जीवनसत्त्व साधारण १५ मिलिग्रॅम मिळते, म्हणजे दिवसाच्या गरजेचा सुमारे पाचवा हिस्सा. शिवाय पोटॅशियम आणि चोथा. पाल्यात तर क जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कंदापेक्षा जास्त, वर कॅरोटीनही. आणि आपण काय करतो? भाजीवाल्याला म्हणतो, "पाला मोडून टाका हो!" पैसे देऊन घेतलेला चांगला भाग तिथेच ठेवून येतो. मुगाची डाळ घालून पाल्याची भाजी करा. कीस पिळला तर ते पाणी मोरीत न ओतता त्यात थालीपिठाचे पीठ भिजवा. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते, म्हणून थोडा मुळा कच्चाही खावा.

औषध म्हणून मुळ्याची कीर्ती जुनी आहे. चरकसंहितेत कोवळा मुळा दोष हरण करणारा, तर जून मुळा तिन्ही दोष वाढवणारा म्हटला आहे. एकाच भाजीचे वय पाहून निराळा निवाडा देणारी ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. अलीकडे प्रयोगशाळांत मुळ्यातील आयसोथायोसायनेटे जंतूंवर आणि कर्करोगाच्या पेशींवर तपासली गेली आहेत. परंतु काचेच्या बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. मुळा खाऊन कर्करोग बरा होतो असे कोणी सांगितले तर त्याला हात जोडावेत आणि रुग्णालयाची वाट धरावी. ज्याच्या आहारात आयोडीन कमी आहे, त्याने या कुळातल्या भाज्या कच्च्या आणि अतोनात खाणेही बरे नाही. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीच्या कामात त्यामुळे अडथळा येऊ शकतो.

आता मुख्य मुद्दा : कावीळ. कावीळ झाली की मुळ्याच्या पाल्याचा रस पाजायचा, हा उपाय गल्लोगल्ली सांगतात. एका कामगारवस्तीत मी पाहिले, रसासाठी सकाळी रांग लागे. माणसे बरीही होत आणि श्रेय रसाला जाई. पण पाण्यातून पसरणारी कावीळ, म्हणजे अ किंवा ई जातीच्या विषाणूची, बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. रस न पिणाराही बरा होतो; त्याची मात्र कोणी गोष्ट सांगत नाही. आणि जो दगावतो, त्याचे "नशीब" म्हणतात. ई जातीची कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, प्राणघातक ठरू शकते. तिला रसावर घरी ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. कावीळ झालेला माणूस ग्लानीत जाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, त्याला सारख्या उलट्या होऊ लागल्या किंवा कुठून रक्त येऊ लागले, तर क्षणाचाही विलंब करू नका.

त्या वस्तीत पिण्याच्या पाण्याचा नळ गटारातून गेलेला होता. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेचे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तिथे किती मुळे लागले असते, याचा हिशेब आपणच करा! त्या रांगेतल्या माणसांना मी म्हटले, रसाच्या रांगेत उभे राहता तसे एक दिवस पाणीखात्याच्या दारात उभे राहा. ती उभी राहिली, अर्ज झाले, खेटे झाले आणि अखेर नळ बदलला.

श्रोतेहो, मुळ्याला मुळ्याचे श्रेय द्यावे. तो स्वस्त आहे, चवीचा आहे, पाल्यासकट उपयोगी आहे. डॉक्टरचे काम आणि नगरपालिकेचे काम मात्र त्याच्या गळ्यात बांधू नये. मुळा ताटात हवा आणि शुद्ध पाणी नळात हवे. पहिली गोष्ट आपण बाजारातून आणू. दुसरी एकजुटीने मागून घ्यावी लागेल.