घराच्या पाटीची गोष्ट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेत असताना बोलायला उभं राहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. बाकावर उभं राहायची मात्र पुष्कळदा आली. संयोजकांनी सांगितलं, "निवृत्तीनंतर काय करतोस ते थोडक्यात सांग." तर सांगतो. मागच्या उन्हाळ्यात मी आमच्या गावच्या घरासाठी नावाची पाटी केली. लोखंडाची, भट्टीत तापवून, हातानं ठोकून. तिच्यावर एकच शब्द आहे : लोहार.

शाळेच्या कुंपणामागची आमची भट्टी तुम्हाला आठवत असेल. मधल्या सुट्टीत भोवऱ्याला आर बसवून घ्यायला तुम्ही तिथं यायचात. आण्णा त्याचे पैसे घेत नसत. मी मात्र त्या भट्टीपासून लांब पळालो. डिप्लोमा केला, पुण्यात कारखान्यात लागलो आणि ३० वर्षं सीएनसी मशीन चालवलं. सगळं आयुष्य लोखंडातच गेलं, पण हाताला काळं न लागता. फ्लॅटच्या दारावर पाटी लावली तीही नुसत्या आद्याक्षरांची. कुणी विचारलं तर म्हणायचो, जागा कमी होती.

आण्णा गेले. आई गावीच राहिली. घराची डागडुजी केली तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, लेझरवर अक्षरं कापून मिळतात. दहा मिनिटांचं काम." खरं आहे. पण शेडमध्ये ऐरण होती, सांडशी होत्या, भाता फाटला असला तरी हातानं फिरवायचा पंखा चालू होता. म्हटलं, बघू तर खरं.

आधी जमिनीवर खडूनं अक्षरं काढली, २० सेंटिमीटर उंचीची. सळई किती लागेल हे कसं मोजायचं? आण्णांची पद्धत सुतळीची. खडूच्या रेघेवरून सुतळी फिरवायची, मग सरळ करून तेवढी सळई कापायची. मी १० मिलिमीटरची चौरस सळई घेतली. ती मीटरला साधारण पाऊण किलोच्या वर भरते. शिरोरेषेसाठी २५ बाय ५ ची पट्टी.

गंमत बघा. आपण शाळेत शिरोरेषा शेवटी ओढायचो. घाईत असलो तर ओढतही नव्हतो आणि बाईंचा मार खायचो. लोखंडात ती आधी करावी लागते, कारण सगळं नाव तिलाच टांगायचं असतं. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी, प्रत्येकाला भिंतीत वेगळे खिळे. आपलं आडनाव एका पट्टीवर एकत्र राहतं, भिंतीला दोन बोल्ट पुरतात.

काना सोपा, सरळ तुकडा. पण ल ने मला रडवलं. मला करायचा होता आपला मराठी वळणाचा, दोन पाकळ्यांचा ल. शासनानं २००९ साली निर्णय काढून तोच प्रमाण ठरवला आहे. पहिली पाकळी ऐरणीच्या शिंगावर छान वळली. दुसरीसाठी सळई परत भट्टीत घातली, तर पहिली उघडली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा लोखंड पांढरंफेक झालं, फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या आणि टोक जळून गेलं.

आई उंबऱ्यात बसून हे सगळं बघत होती. आईला लिहिता-वाचता येत नाही, पण लग्न झाल्यापासून तिनं भाता ओढलेला. ती उठली, पंख्याशी येऊन बसली आणि म्हणाली, "पांढऱ्याची वाट काय बघतोस? केशरी झालं की काढ. लाल काळवंडलं की मारू नको, परत घाल. आणि जे वाकायला नको त्याच्यावर पाणी ओत की." मशीनवर ३० वर्षं काढलेल्या मला हे सुचलं नव्हतं. झालेल्या पाकळीवर तांब्यानं पाणी ओतलं, ती गार राहिली, दुसरी वळली. ल झाला. त्या दिवसापासून पंखा आईकडे, हातोडा माझ्याकडे.

आता जे सांगायचं आहे ते तुमच्यासमोरच सांगायला हवं, कारण तुम्ही तिथं होतात.

आपण आठवीत असताना शाळेला नवं फाटक झालं. त्याच्या कमानीवरची लोखंडी अक्षरं आण्णांनी केली होती. आण्णांना वाचता येत नव्हतं. सरांनी कागदावर नाव लिहून दिलं होतं, त्यावरून त्यांनी एकेक आकार उतरवला. बसवायचं काम संध्याकाळी झालं, शाळा सुटल्यावर. सकाळी आपण सगळे आलो तर कमानीवर 'वीद्यालय'. वेलांटी व च्या पुढे बसायची ती मागे बसली होती. प्रार्थनेच्या रांगेत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "लोहाराची वेलांटी!" आण्णांना बोलावलं गेलं. सगळी शाळा उभी असताना ते शिडीवर चढले, रिव्हेट तोडले, वेलांटी काढून पलीकडे बसवली. खाली रांगेत मीही हसत होतो. तुमच्याइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, म्हणजे मी तुमच्यातलाच आहे हे दिसावं. उतरताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. घरी त्याबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात शेड साफ करताना भिंतीला टेकवलेला एक पत्रा निघाला. गंज खरवडला तर त्यावर छिन्नीनं मारलेल्या खुणा. ओळीनं वि, वि, वि. पहिल्या दोन ओळी वेड्यावाकड्या, खालच्या सुरेख. मी आईला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "ह्यांनी काढलंय ते. तुझी वही घेऊन बसायचे रात्री, तू झोपल्यावर."

मित्रांनो, त्यांच्यावर मी हसलो होतो ती चूक त्यांनी पत्र्यावर गिरवून गिरवून सुधारली होती. आणि मी स्वतः एक ल करायला चार सळया वाया घालवल्या. त्यांनी अख्ख्या शाळेचं नाव केलं होतं, अक्षरओळख नसताना.

बाकीचं काम आठ दिवसांत उरकलं. जोड रिव्हेटनं केले. रिव्हेट तापवूनच ठोकायचा, गार होताना तो आखडतो आणि जोड घट्ट आवळतो. सगळं झाल्यावर लोखंड गरम असतानाच जवसाचं तेल चोळलं, त्यानं काळा मुलामा धरतो. पावसात तो टिकतोच असं नाही, म्हणून दर दिवाळीच्या आधी पुन्हा तेल द्यायचं. भिंतीपासून पाटी दोन सेंटिमीटर पुढे ठेवली, म्हणजे पाणी साचून भिंतीवर गंजाचे ओघळ येत नाहीत. हातोड्याचे घाव घासून काढले नाहीत. तसेच ठेवले.

पाटी बसवण्याआधी आईनं ती मांडीवर घेतली. शिरोरेषेवरून बोट फिरवत विचारलं, "आपलं नाव कुठून कुठवर?" मी तिचं बोट धरून ल पासून र पर्यंत नेलं. ती म्हणाली, "लय जड आहे." मग पुण्याच्या दारावरची आद्याक्षरांची पाटी मी काढली. तिथंही आता लोहार लावणार आहे, सळई कापून ठेवली आहे.

शेवटी एक विनंती. येताना बघितलं, ती कमान आता राहिली नाही, तिथं फ्लेक्स आहे. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर शाळेचं नाव मी लोखंडात करून देतो. खर्च माझा, पंखा फिरवायला ज्याला हौस असेल त्यानं यावं. आणि वेलांटी बसवताना सर, तुम्ही शिडीखाली उभे राहा. चुकली तर सगळ्यांनी हसा. या वेळी मी शिडीवर असेन.