सत्कर्माची साक्ष



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. तेथे ढिगाऱ्यांतून अनोळखी मृतदेह काढून त्यांना अग्नी देणाऱ्या स्वयंसेवकांना कोणते फळ मिळाले? मृत माणूस आभारही मानत नाही. मग ते सत्कर्म वाया गेले काय?

सुमारे हजार वर्षांपूर्वी मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त याच प्रश्नाला हात घातला. कर्मातून निर्माण होणारे ‘अदृष्ट’ जड आहे. चेतन अधिष्ठात्यावाचून ते फळ देऊ शकत नाही. म्हणून ईश्वर आहे, असा त्यांचा युक्तिवाद. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट १७८८ मध्ये वेगळ्या वाटेने जवळपास तेथेच पोहोचले. सदाचाराला अनुरूप सुख लाभावे, यासाठी ईश्वर गृहीत धरणे नीतीला आवश्यक आहे, असे त्यांनी मांडले. मात्र ही श्रद्धा आहे, सिद्धता नव्हे, हेही त्यांनीच बजावले.

मीमांसकांना फलप्राप्तीसाठी ‘अपूर्व’ पुरेसे वाटले. जैन-बौद्धांनी जगत्कर्ता न मानताही करुणा शिकवली. चांगुलपणा ही कोणा एका मताची मिरासदारी नव्हे.

तरीही माझ्यापुरते सांगतो. ढिगाऱ्यात राबणारा माणूस फळासाठी राबत नाही. पण आपले राबणे व्यर्थ नाही, असे त्याचे मन त्याला सांगत असते. ईश्वराची याहून बोलकी साक्ष मला ठाऊक नाही.