रोमच्या कोंबड्या आणि प्लेबांचे पुढारी

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

रोमवर बोलणार म्हटल्यावर मागच्या बाकावरची पोरं हसली. एक जण म्हणाला, इथं नळाला पाणी नाही आणि हे चालले रोमला. बरोबर आहे. पण रोमच्या नळाला पाणी होतं. इ.स.पूर्व ३१२ साली त्यांनी पहिला कालवा शहरात आणला, पुढं आणखी आणले. शाळेत मास्तरांनी आम्हाला हेच शिकवलं. रोमचे रस्ते, रोमचे कालवे, रोमचा कायदा, सीझर. गटाराचाही फोटो पुस्तकात होता. क्लोआका मॅक्सिमा, म्हणजे थोरलं गटार. माझा बाप तेव्हा कचरा खात्यात होता. मी मास्तरांना विचारलं, सर, ते गटार साफ कोण करायचं? मास्तर म्हणाले, परीक्षेला येणार नाही, बस खाली.

आज त्या प्रश्नापासूनच सुरू करतो. इ.स. १११ च्या सुमाराला प्लिनी नावाचा अधिकारी काळ्या समुद्राकाठच्या प्रांतात सुभेदार होता. त्यानं सम्राट ट्राजनला पत्र लिहिलं की, इथले काही शिक्षा झालेले कैदी सरकारी गुलाम बनून पगार खाताहेत, यांचं काय करू? ट्राजनचं उत्तर आजही शिल्लक आहे. म्हातारे झालेत त्यांना न्हाणीघरं, गटारं साफ करायला लावा, रस्त्याच्या कामाला लावा. ही कामं शिक्षेच्या जवळपासची आहेत. म्हणजे रोमच्या राजालाही कळत होतं की गटारात उतरवणं ही सजा आहे. आपल्याकडं गुन्हा करावा लागत नाही. जन्म पुरतो.

दुसरा दाखला. नेपल्सजवळच्या पुतिओली गावात दगडावर कोरलेला एक ठेका सापडला आहे. मुडदे उचलायचा ठेका. त्यात अटी आहेत. मुडदे उचलणाऱ्या कामगारांनी गावातल्या ठरलेल्या बुरुजाच्या आत राहायचं नाही. रात्र पडल्याशिवाय अंघोळ करायची नाही. गावात यायचं ते फक्त मयत उचलायला नाहीतर कुणाला फाशी द्यायला. आणि येताना डोक्यावर रंगीत टोपी पाहिजे. आकड्यानं ओढत न्यायचं प्रेत असलं तर लाल कपडे आणि घंटा. ऐकलंत? घंटा! वस्तीबाहेर घर, डोक्यावर खूण, आणि येतो आहे म्हणून वाजवायचं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण थांबा, लगेच आपला आणि त्यांचा सातबारा एक करू नका. या माणसाचा पोरगा दुसरं काम करू शकत होता. गुलामाला मालकानं रीतसर सोडलं तर तो नागरिक व्हायचा. मुक्त झालेल्या गुलामाचा मुलगा पर्टिनॅक्स इ.स. १९३ मध्ये रोमचा सम्राट झाला. तीन महिन्यांत सैनिकांनी मारला, ते सोडा. सम्राट झाला की नाही? जुलूम दोन्हीकडं होता. त्यांचा जुलूम दोरीचा होता, दोरी कधीमधी सुटायची. आपला रक्तात कालवलेला.

आता मूळ गोष्ट. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनाच्या भाषणात रोमच्या प्लेबियनांचा दाखला दिलाय. ते भाषण त्यांना करू दिलं नाही, मग त्यांनी ते छापलं, हे आपल्याला माहीत आहे. पण दाखल्याकडं आपण पटकन बघतो आणि पान उलटतो. प्लेबांना कॉन्सल निवडायचा हक्क मिळाला, तरी त्यांच्या बाजूचा खमका कॉन्सल का होईना? कारण निवडून आलेल्यावर देवाचा कौल लागायचा. बाबासाहेब तिथं डेल्फीच्या कौलाचं नाव घेतात. रोमच्या रोजच्या कारभारात कौल लावणारे घरचेच होते, त्यांना ऑगर म्हणत. पाखरं कुठून उडाली, वीज कुठं चमकली, यावरून हे लोक निवडणूक रद्द करायचे. लढाईच्या आधी पिंजऱ्यातल्या पवित्र कोंबड्यांना दाणे टाकायचे. अधाशासारख्या खाल्ल्या तर देव राजी. आता कोंबडी उपाशी ठेवली की खाणारच, हे रोमच्या सिसेरोनंच लिहून ठेवलंय. आणि तो स्वतः ऑगर होता!

प्लेब म्हणजे अस्पृश्य नव्हे, हेही ध्यानात ठेवा. शेतकरी, कारागीर, दुकानदार, त्यात काही चांगले पैसेवाले. पण पुरोहितपण, मोठी पदं, कायदा सगळा पॅट्रिशियन घराण्यांच्या मुठीत. कायदा लिहिलेला नव्हता, भटांच्या डोक्यात होता. कर्ज फिटलं नाही की सावकार माणसाला बेड्या घालून घरी न्यायचा. रोमच्या लढाया हेच कर्जबाजारी लढायचे, परत येईपर्यंत शेत गेलेलं.

इ.स.पूर्व ४९४ मध्ये, परंपरा सांगते, हे लोक फौजेसकट शहर सोडून निघाले आणि नदीपलीकडच्या टेकडीवर जाऊन बसले. दगड मारला नाही, आग लावली नाही. लढा म्हणे तुमच्या लढाया तुम्हीच. संपच हा. सिनेटनं समजूत घालायला मेनेनियस अग्रिप्पा नावाचा गोडबोल्या पाठवला. त्यानं गोष्ट सांगितली. एकदा हात, तोंड, दात पोटावर रुसले. आम्ही राबतो, हे आयतं खातं. त्यांनी अन्न बंद केलं, तर सगळं शरीर वाळलं. म्हणून बाबांनो, पोटाशी भांडू नका.

मित्रांनो, समाजाला शरीराची उपमा देणारा भेटला की आधी खिसा सांभाळा. आपल्याला एका पुरुषाचं तोंड, बाहू, मांड्या, पाय सांगितले. त्यांना पोट सांगितलं. प्लेब मात्र गोष्ट ऐकून नुसते परतले नाहीत. त्यांनी स्वतःचे पुढारी मागून घेतले, ट्रिब्यून. आधी थोडे, पुढं दहा. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणाऱ्याला आम्ही ठार मारू, अशी सगळ्या प्लेबांनी शपथ घेतली. त्याचं संरक्षण कायद्यात नव्हतं, या शपथेत होतं. त्याच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं पाहिजे. आणि त्यानं ‘मना करतो’ म्हटलं की कॉन्सलचा हुकूम तिथंच अडायचा.

मग दोनशे वर्षं भांडण. इ.स.पूर्व ४५१-५० मध्ये कायदा बारा फळ्यांवर लिहून घेतला. लिहिला तर त्यात काय? पॅट्रिशियन-प्लेब लग्नाला बंदी! ४४५ मध्ये कॅन्युलियस नावाच्या ट्रिब्यूननं ती मोडली. तेव्हा वरचे काय ओरडले ते लिव्हीनं लिहिलंय. आमचं रक्त बाटेल, कौल घेणं बिघडेल. ३२६ मध्ये बापाच्या कर्जापायी गहाण पडलेला एक पोरगा सावकाराच्या घाणेरड्या मागणीला बधला नाही, सावकारानं चाबकानं फोडला. तो रक्ताळलेली पाठ घेऊन रस्त्यावर आला. लोक उसळले, आणि कर्जापायी माणूस बांधायची पद्धत बंद झाली.

कौल मात्र चालूच. ३२७ मध्ये मार्सेलस नावाचा प्लेब डिक्टेटर नेमला गेला. ऑगर म्हणाले, नेमणुकीत दोष आहे. ट्रिब्यूननी विचारलं, नेमणूक झाली मध्यरात्री, दूर छावणीत, सगळं चिडीचूप असताना. तुम्हाला रोममध्ये बसून दोष कसा दिसला? दोष एवढाच की माणूस प्लेब आहे. ३०० मध्ये ऑगरांच्या मंडळात प्लेबांना जागा मिळाल्या. तरी २१५ मध्ये पहिल्यांदाच दोन्ही कॉन्सल प्लेब निवडून आले, तर दुसरा मार्सेलस पदावर बसतानाच ढग गडगडले. निवड सदोष. देवाला दोन प्लेब चालत नाहीत! तो उतरला. आणि जागा गेली पॅट्रिशियन फेबियसकडं. हा फेबियस स्वतःच ऑगर.

आता ज्यासाठी उभा राहिलो ती गोष्ट. ३६७ मध्ये लिसिनियस आणि सेक्स्टियस या दोन ट्रिब्यूननी, दहा वर्षं झगडून, दोन कायदे करून घेतले. एक, कॉन्सलपैकी एक प्लेब असावा. दुसरा, कुणी पाचशे युगेरांपेक्षा जास्त सरकारी जमीन धरू नये, म्हणजे आपल्या हिशेबानं तीनशे एकरांच्या वर. सेक्स्टियस कॉन्सल झाला. आणि लिसिनियस? दहा वर्षांनी त्याच्याच कायद्याखाली त्याला दंड झाला. हजार युगेर जमीन धरून बसला होता, निम्मी पोराच्या नावावर, पोराला कागदावर वेगळा काढून! बेनामी आपल्याकडचीच नाही, बघा.

लिव्हीनं हे दोन ओळींत उरकलंय. मी मात्र या माणसाशी बरेच दिवस भांडतोय. तो विकला गेला असं मला वाटत नाही. दहा वर्षं शिव्या खाल्ल्या त्यानं. पण मला वाटतं, त्याला पहिला कायदा मनापासून पाहिजे होता आणि दुसरा लोक मागं उभे राहावेत म्हणून. वरच्या दारातून प्लेब आत गेले, त्यातले पैसेवाले पॅट्रिशियनांचे व्याही झाले. दोन्ही मिळून नवं खानदानी मंडळ बनलं. खालचा प्लेब होता तिथंच. मत त्यालाही होतं. पण कॉन्सल निवडणाऱ्या सभेत १९३ गट. घोडेस्वारांचे १८ आणि पहिल्या श्रीमंत वर्गाचे ८०, झाले ९८. बहुमत झालं की मोजणी बंद. ज्यांच्याकडं पोरांशिवाय काही नाही अशा हजारोंचा मिळून एक गट. त्यांची पाळी यायची नाही.

मग खालचे गप्प कसे बसले? इथं साम्राज्य येतं. इटलीतल्या एकेका शहराला हरवायचं, प्रत्येकाशी वेगळा तह करायचा, म्हणजे ते आपसांत मिळणार नाहीत. पैसा नको, सैनिक द्या. त्या सैनिकांनी पुढचा मुलूख घ्यायचा, लुटीतला तुकडा गरिबाला टाकायचा. गरीब प्लेब दुसऱ्याच्या जमिनीवर मालक झाला. १६७ मध्ये ग्रीसच्या एपिरस भागात सत्तर गावं एका झटक्यात लुटली, दीड लाख माणसं गुलाम म्हणून विकली. त्याच साली रोमच्या नागरिकांचा युद्धकर थांबला. हे दोन आकडे मी वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवलेत. आणि आलेले गुलाम कुठं गेले? मोठ्यांच्या शेतावर. मग मजुरीही गेली, छोटा शेतकरीही गेला.

१३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस ट्रिब्यून झाला. त्यानं लिसिनियसचा तोच जुना पाचशे युगेरांचा कायदा बाहेर काढला. अडवला कुणी? दुसऱ्या ट्रिब्यूननं. ऑक्टेव्हियस. प्लेबांनी शपथ घेऊन घडवलेलं ‘मना करतो’ हे हत्यार जमीनदारांच्या बाजूनं चाललं. ग्रॅकसनं त्याला लोकांच्या मतानं काढून टाकलं, कायदा केला. मग सिनेटर बाकांचे पाय मोडून, दांडकी घेऊन आले. पुढं कोण? रोमचा मुख्य पुरोहित, सिपिओ नासिका. ज्याच्या अंगाला हात लावायचा नाही त्याला त्यांनी ठेचून मारलं, त्याच्याबरोबर तीनशेवर माणसं. प्रेतं रातोरात नदीत. बारा वर्षांनी धाकटा भाऊ गायस, त्याचे तीन हजार लोक.

त्यानंतर ज्या कॉन्सलनं ही कत्तल केली, त्या ओपिमियसनं चौकात देऊळ बांधलं. सलोख्याच्या देवीचं! सगळे मिळून मिसळून राहा म्हणून. प्लूटार्क सांगतो, एका रात्री कुणीतरी त्या देवळाच्या शिलालेखाखाली टिंगल करणारी एक ओळ कोरून ठेवली. कुणी कोरली ते रोमला कधी कळलं नाही.

वेळ झालाय, खालच्या मजल्यावरचे दोनदा दार वाजवून गेले. स्पार्टाकस आणि इ.स. २१२ चं सगळ्यांना दिलेलं नागरिकत्व पुढच्या रविवारी घेऊ. तोवर जातिनिर्मूलनातलं ते पान परत वाचून या.