‘चूक’ म्हणण्याआधी



सकाळपासून अनेकांनी विचारलं, "तू तिकडे नेमकं काय करून राहिली?" म्हणून तेच सांगते. भाषा शिकवणारं ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत मी टीमची प्रमुख आहे. टीममध्ये प्रोग्रामर, डिझायनर, टेस्टिंग करणारे आणि भाषातज्ज्ञ आहेत. मी इंजिनिअर असले तरी आता कोड कमीच लिहिते. कुठलं काम आधी, कुठलं नंतर आणि कुठलं करायचंच नाही, हे ठरवणं माझ्याकडे असतं.

त्यात सगळ्यात अवघड निर्णय एकच: शिकणाऱ्याला ‘चूक’ कधी म्हणायचं?

‘आय ॲम ड्रिंकिंग टी’ हे साधं वाक्य घ्या. याचं मराठी काय? मी चहा पीत आहे. पितो आहे. बाई असेल तर पिते आहे. बोलताना पितोय, पितेय. ‘मी’ गाळला तरी चालतो. ‘चहा पितेय मी’ हेही बरोबर. इंग्रजीत बोलणारा बाप्या की बाई हे कळत नाही, मराठीत क्रियापद ते सांगून टाकतं. म्हणजे एका वाक्याची डझनभर उत्तरं आधीच झाली. आणि आपल्या सक्करदऱ्यात? "मी चहा पिऊन राहिलो."

कॉम्प्युटरकडे यादी असते. यादीत उत्तर नसेल तर स्क्रीन लाल. या ‘पिऊन राहिलो’वरून आमच्या मीटिंगमध्ये चांगलाच वाद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं, सगळंच बरोबर म्हटलं तर शिकवणार काय? नोकरीसाठी मराठीची परीक्षा देणाऱ्याचं नुकसान होईल. प्रोग्रामरचं म्हणणं, यादी वाढली की टेस्टिंग वाढतं, तारीख पुढे जाते. दोघांचं म्हणणं खरं होतं.

मी विचारलं, हे शिकणार कोण? समजा, बिहारहून बदली होऊन आलेला बँकेतला अधिकारी. बुधवार बाजारातला भाजीवाला काउंटरवर येऊन म्हणतो, "साहेब, पैसे काऊन नाही भेटून राहिले?" पुस्तकी मराठीत पैकीच्या पैकी मिळवलेला हा माणूस तिथे गप्प उभा राहील. किंवा न्यू जर्सीत वाढलेली नात. ती नागपूरच्या आजीकडून जे ऐकते, ते ॲपनं लाल केलं, तर तिला वाटेल आजीचीच भाषा चुकीची. ही गोष्ट मला चालणार नव्हती.

मराठी शिकवण्याचं जुनं मोठं काम म्हणजे कॅप्टन मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची. तेही टीमचंच काम होतं: कँडी बंधू होते, मराठी शास्त्री होते. त्या कोशात लोकांच्या तोंडचे शब्द आहेत, म्हणी आहेत. काही शब्द त्यांना अशिष्ट किंवा अपभ्रष्ट वाटले, तर तसा शेरा मारला, पण शब्द कोशात ठेवला. आम्हीही तोच मार्ग घेतला.

धड्यात शिकवायची ती प्रमाण मराठी. पण कुणी ‘पिऊन राहिलो’ लिहिलं तर स्क्रीन हिरवी होते आणि खाली ओळ येते: "बरोबर. विदर्भात असं बोलतात. लिहिताना ‘पीत आहे’ असं लिहा." ‘मी चहा पितोस’ मात्र लालच, कारण तसं कुठल्याच जिल्ह्यात कुणी म्हणत नाही. चूक वेगळी आणि बोली वेगळी, एवढा फरक मशीनला शिकवायला आम्हाला बराच वेळ लागला. त्यासाठी गुणांच्या स्पर्धेचं एक आकर्षक फीचर मी पुढे ढकललं. वरिष्ठांना ते आवडलं नाही. त्यांची समजूत घालणं हेही माझंच काम.

आणखी एक पद्धत ठेवली. ॲपमध्ये ‘माझं उत्तर बरोबर आहे’ असं एक बटण आहे. त्यावरून आलेल्या तक्रारी दर सोमवारी अर्धा तास सगळी टीम मिळून वाचते, प्रोग्रामरसुद्धा. भाषेचा निर्णय भाषातज्ज्ञांचा, किती वेळ लागेल हे प्रोग्रामर सांगणार, क्रम मी लावणार. एकमेकांच्या कामात ‘चूक’ म्हणण्याआधीही आता आम्ही विचारतो, "तू असं का केलंस?"

आपल्या वह्या तपासताना सर आणि मॅडम नुसती लाल रेघ मारून थांबत नसत. शेजारी बरोबर रूप लिहून देत. रेघ मारणं मशीनला पहिल्या दिवसापासून जमतं. शेजारी लिहिणं शिकवायला माणसंच लागतात.

वऱ्हाडी आणि नागपुरीची आमची यादी अजून अपुरी आहे. तुमच्या घरी, दुकानात, शेतावर बोलली जाणारी वाक्यं मला पाठवा. व्हॉट्सॲपवर टाइप करा, नाहीतर सरळ बोलून रेकॉर्ड करा. आजी-आजोबा असतील तर आधी त्यांची.