कोयता घेताना

आमच्या सिरसाळ्याकडे 'कोयता' म्हटलं की नुसतं लोहाराकडचं अवजार डोळ्यांपुढे येत नाही. ऊसतोडीला निघालेलं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा. मुकादमाकडून उचल मिळते तीही याच हिशोबानं. मग ज्याच्या नावानं माणसं मोजतात, ते अवजार तरी पारखून घ्यावं.

चकाकीवर जाऊ नका. गाडीच्या जुन्या पाट्याचा घडवलेला कोयता घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. मी आधी धारेवर कानस ओढून पाहतो. कानस सहज खात गेली तर पोलाद मऊ. धार टिकायची नाही. नुसतीच घसरली तर पाणी जास्त दिलंय. बुडख्याशी दगड लागला की टवका उडणार. कानस अडत अडत चालली पाहिजे.

ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. साखर बुडख्यात जास्त, शिवाय खोडवाही चांगला फुटतो. मजुरी टनावर. बोथट धारेनं एका उसाला दोन घाव घालायचे, तर दिवसाकाठी किती घाव फुकट गेले, तुम्हीच मोजा.

बाईसाठीही गड्याच्याच वजनाचा कोयता उचलून आणतात, हे मला पटत नाही. दिवसभर वाकून मनगट तिचं झिजतं. तिला बाजारात न्या, मूठ धरून पाहू द्या.

आणि कानस घरूनच न्या. ऐन तोडीत उसनी कोणी देत नाही.